लादीवरची थंडी

बर्फ आम्हाला नवा नाही. मी आगरला राहतो, समुद्र दाराशी. मासळीसाठी बर्फाच्या लाद्या टेम्पोतून येतात. घरात कोणी गेलं आणि लेकरू लांब असलं, तर त्याच लाद्या घरीही येतात. माझी बायको गेली तेव्हा मुलगी बंगलोरला नोकरीवर. ती पोचेपर्यंत आईला लाद्यांवर ठेवली.

बायको म्हणजे थंडीची वैरीण. माहेर तलासरीचं, डोंगराच्या अंगाचं, पण पौषात कानाला स्कार्फ, पायात माझे मोजे. त्या बाईला बर्फावर झोपवली. तेव्हापासून डोक्यात एकच. तिला काय वाटलं असेल? मेलेल्याला काय वाटणार, हे मला कळतं. मी खुळा नाही. पण डोकं ऐकत नाही, आणि हे विचारणार कोणाला?

हीच बाई म्हणायची, एकदा आभाळातून पडतो तो बर्फ बघायचा. मुलीने तिघांचं हिमाचलचं बुकिंग केलेलं. मग ही गेली. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आपण दोघं जाऊ. आईचं राहिलंय."

"मी बघितलाय बर्फ. पुरे झाला."

तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मीच फोन केला, येतो म्हटलं. का, ते सांगितलं नाही. एवढा बर्फ आहे तिथे, एकदा हात घालून बघू, एवढंच मनात होतं.

हिमाचलात रस्ता संपतो तिथे ते बुकिंगचं गाव. सकाळी दार उघडलं आणि मी चौकटीतच थांबलो. जमीनच नाही! कुंपण नाही, वाट नाही, छपरं बर्फाखाली, झाडं कमरेपर्यंत बुडालेली. आणि आवाज नाही. आमच्याकडे समुद्र घडीभर गप्प बसत नाही. इथे माझाच श्वास मला ऐकू येत होता. मिशी कडक झाली.

"पोरी, ही माणसं जगतात कशी?"

"बाबा, आधी तोंड मिटा. आत थंडी जातेय."

वाट दाखवायला गावातलीच एक बाई होती, खांद्यावर दोर घेतलेली. तिने आमच्या बुटांना जाळीच्या रुंद फळ्या बांधल्या. पाय बर्फात रुतू नयेत म्हणून. दोन पायांना दोन सुपं बांधल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "तुझी आई असती तर ओरडली असती. सुपाला पाय लावता? लक्ष्मी आहे ती!" मुलगी हसली, आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली.

बाई म्हणाली, "अंकल, मेरे निशान पे पैर रखना. इधर उधर नहीं."

"हां, हां."

हां म्हटलं, पण पायांना कोण सांगणार? जन्म भाताच्या चिखलात गेला. चिखलात दुसऱ्याच्या पावलात पाय घालायचा नसतो. तुडवलेली जागा ढिली होते, माणूस रुततो. पाय टाकायचा तो बाजूला, नव्या जागी. इथे उलटं, तुडवलेलाच बर्फ घट्ट. थोडं चढलो आणि पाय सवयीने बाजूला गेला, एका झाडाच्या बुंध्याकडे. तिथे बर्फ आतून पोकळ, खाली काही नव्हतंच. कमरेपर्यंत आत.

"अंकल! बोला था ना!" बाई खांद्यावरचा दोर उलगडत मागे वळली.

दोर धरायला हवा होता. पण समोर हाताशी तोच बर्फ. हातमोजा काढला आणि कोपरापर्यंत हात खुपसला. आधी भाजलं, तव्याला लागावं तसं. मग सुया टोचल्या. मग हळूहळू काहीच नाही. बोटं हलतात की नाही कळेना. कोणाचा तरी हात तिथे ठेवलाय असं वाटलं.

"बाबा, काय करताय? हात काढा!"

"थांब. बघतोय."

"काय बघताय?"

"तुझ्या आईला लादीवर काय झालं असेल ते."

बोलून गेलो. ती रडेल असं वाटलं. ती काठावर गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "मी फ्रीजरमध्ये घालते."

"काय घालतेस?"

"हात. घरी. आगरहून बंगलोरला परत गेले तेव्हापासून. सोसवेल तोवर ठेवते. माझ्यासाठीच आणली होती ना लादी."

बर्फात पडून मी जेवढा हबकलो नव्हतो तेवढा हे ऐकून हबकलो. ती लादी मला माझ्या एकट्याची वाटत होती.

"मग? काय कळलं तुला?"

"आधी दुखतं. मग काही कळत नाही."

"मलाही तेच." मग एक गोष्ट लक्षात आली. "तिला ते आधीचंही दुखलं नसणार."

"कशावरून?"

"ओरडली असती. ती काय गप्प पडून राहणारी बाई?"

मुलगी हसली. रडतही होती, पण हसली. मीही हसलो. वाट दाखवणाऱ्या बाईला वाटलं, दोघांच्या डोक्यात थंडी चढली. "हँस रहे हो? उँगली जाएगी, उँगली!"

दोघींनी मला ओढून वर काढलं. मुलीने जॅकेट उघडलं आणि माझा हात काखेत धरला, लहान पोराचा धरावा तसा. हात परत माझा होऊ लागला तेव्हा असा ठणकला की मी शिव्या घातल्या.

"फ्रीजर बंद," मी तिला म्हटलं.

"आणि तुम्ही?"

"मीही बंद."

मग उठलो आणि बाईच्या पावलावर पाय ठेवून चालायला लागलो. माझ्या पावलावर मुलगी.