मोकळ्या सोडलेल्या चार मात्रा

आमच्या मिरजेत एक रॉक बँड होता, हे आता मिरजेलाही आठवत नाही. परवा दुपारी माळ्यावर त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कॅसेट सापडल्या. गाणी इंग्रजी, पण प्रत्येक गाण्याआधी त्यांचा ड्रमर रवी खणखणीत मराठीत मोजायचा, "एक, दोन, तीन, चार!" मग त्यांनी पुढं काढलेली सुटी गाणीही शोधून ऐकली. त्यांत मोजणं नाहीच. आधी नुसती शांतता, आणि मग सगळे एकदम, अचूक सुरू.

न राहवून त्यांच्या गिटारवाल्या दिलीपला फोन केला.

"रवी गेला ना रे मध्येच," तो म्हणाला. "नवा ड्रमर घेतला, पण मोजायचं कुणी नाही असं ठरलं. ती जागा त्याची."

श्राद्धाच्या दिवशी गेलेल्या माणसासाठी पान वाढून ठेवतात, तसं यांनी शांततेचं पान वाढलं होतं. वाढणारे विसरूनही जातात. ज्याच्यासाठी वाढलं, तो विसरत असेल?

मी गाणं पुन्हा लावलं आणि ओठ घट्ट मिटून ती शांतता ऐकत बसलो.

स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "अहो, कोण मोजतंय?"