ड्रायरनंतरची खोली

आमच्या मजल्यावर समोरच्या घरात राहणाऱ्या गृहस्थांना सगळे चिमूट म्हणत. त्यांच्या कारखान्यात तान्ह्या बाळांची दूधपावडर तयार होते. तिथे दूध टँकरनं येतं, तेल पिंपांनी, साखर पोत्यांनी. हे मात्र एका थंड, कोरड्या खोलीत तराजूपुढे उभे राहून लोह, जस्त, जीवनसत्त्वं असल्या वस्तू मोजायचे. एवढ्या मोठ्या ढिगात त्यांचा वाटा चिमटीएवढा. कोणीतरी चेष्टेनं हाक मारली आणि ती चिकटली. घरच्यांना आणि मजल्यावरच्या पोरांनाही दुसरं नाव आठवेनासं झालं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे.

माणूस नेटका. उकाड्यातही शर्टाचं वरचं बटण लावलेलं. हात इतके धुतलेले, की बोटांची टोकं कायम सुरकुतलेली असायची. त्यांची बायको जिभेनं तिखट आणि मनानं मऊ. ती म्हणायची, "माझा हात धरायच्या आधीसुद्धा यांनी साबण लावला होता. मी पाहिलंय." त्यावर ते गंभीरपणे विचारायचे, "मग बिघडलं काय?"

आपल्या कामाबद्दल बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा. गॅलरीत कपडे वाळत घालताना मला सांगायचे, "दूध उंच टाकीत गरम हवेत फवारतात बाई, त्याची पावडर होऊन खाली पडते. त्याला ड्रायर म्हणतात. पण काही गोष्टी त्या उष्णतेत टिकत नाहीत. नाजूक जीवनसत्त्वं असतात. आतड्यातले चांगले जंतू असतात, ते तर जिवंतच. अशी सगळी नाजूक मंडळी ड्रायरनंतर माझ्या खोलीतून आत जातात. त्यामुळे बाळाला आजाराशी झगडायचं बळ येतं."

"जंतूंनासुद्धा यांच्याकडे कायमची नोकरी आहे," आतून बायको म्हणायची. "आपल्या पोराला मिळायला किती वर्षं लागली!"

"आमच्या खोलीत माशीसुद्धा परवानगी काढून येते," ते तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढे सांगायचे. ते खरंही होतं. खोलीत शिरताना टोपी, अंगरखा, तोंडाला पट्टी, बुटांवर पिशव्या. कोणाला साधी शिंक आली तरी ते त्याला बाहेर काढत.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायच्या कंपनीत. आठवड्यातले बरेच दिवस बाहेरगावी. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची. अबोल, पण डोळ्यांनी सगळं टिपणारी. चिमूट तिला "पोरी" म्हणायचे आणि ती त्यांना "बाबा". दोघांचंही काम बारकाव्याचं, त्यामुळे त्यांचं छान जमायचं. कधी कधी जेवण झाल्यावर ती त्यांना भिंग लावून काचेवरचा ओरखडा दाखवायची आणि ते बराच वेळ त्याचं कौतुक करत बसायचे.

तिला मुलगी झाली ती दिवस भरायच्या आधीच. पोट कापून काढावी लागली. मूल एवढंसं, की दुपट्यात हात घालून चाचपावं तेव्हा सापडायचं. आईला ताप भरला, औषधं सुरू झाली आणि दूध काही केल्या उतरेना. दवाखान्यातून घरी आणायला मीही बरोबर गेले होते. बालरोगतज्ज्ञ तरुण बाई, भरभर बोलणारी. निघताना तिनं सांगितलं, "दूध काढायचं थांबवू नका. जे काही थेंब येतील ते आधी बाळाच्या तोंडात. कमी पडेल तेवढंच डब्याचं. पाणी उकळायचं, फार निवू द्यायचं नाही. चांगलं गरम असतानाच पावडर घालायची आणि मग बाटली गार पाण्यात धरून निववायची. मूल फार लहान आहे, एवढं सांभाळा."

चिमूट मान डोलावत होते. सून खुर्चीत बसून सगळं ऐकत होती.

घरी आल्यावर पहिल्याच बाटलीला स्वयंपाकघरात चिमूट आणि त्यांच्या बायकोची जुंपली. मी बाळाला मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत होते, पण त्या घरात भिंतीपलीकडचं कुजबुजणंही ऐकू येतं.

"अहो, डॉक्टरीण गरम म्हणाली होती."

"डॉक्टरीण माझ्या खोलीत कधी आली होती का?"

"मग तिच्यासमोर नंदीबैलासारखी मान कशाला हलवलीत?"

"तिच्याशी वाद कुठे घालायचा? ती सगळ्यांना एकच सांगते. अगं, आम्ही थंडीत कुडकुडत जे जपून मिसळतो, ते कढत पाण्यात घालून मारायचं? मग उरलं काय? नुसती पांढरी पावडर. हिला आईचं दूध पोटभर नाही. जे काही बळ यायचंय ते या डब्यातूनच यायचंय."

"बघा बाई. तुमचं तुम्हाला माहीत." भांड्याचा आवाज आला. मग पुन्हा तिचा आवाज, जरा खालचा, "उकळलंय ना पण पाणी?"

"खळखळून. झाकून निववलंय. मी काय वेडा आहे?"

त्यानंतर बाटली भरायचं काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही. कामावर जाण्याआधी, आल्यावर, सुट्टीच्या दिवशी दिवसभर. बाटली उकळायचे, बूच उकळायचे, चमचा उकळायचे. पाणी अंगाइतकं कोमट झालं की मनगटावर थेंब टाकून बघायचे आणि मगच डबा उघडायचे. ते घरी नसताना बायको तसंच करायची, त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीनं. सून दाराच्या चौकटीला टेकून बघत असायची, छातीला दूध काढायचं यंत्र लावलेलं. वाटीच्या तळाशी जेमतेम ओल जमायची. ती चमच्यानं बाळाच्या ओठांना लावायची. चिमूट अदबीनं बाजूला व्हायचे. म्हणायचे, "तुझं आधी, पोरी. माझा नंबर नंतर."

बाळ जरा बाळसं धरतंय असं वाटायला लागलं. आणि मग एका सकाळी बाळानं बाटली तोंडात घेतलीच नाही. रडणं बदललं. उंच, कोरडं, मध्येच तुटणारं. दुपारी अंग कधी तापलेलं तर कधी गार. रिक्षातून दवाखान्यात नेताना आजीच्या मांडीवर बाळाचा एक हात झटके द्यायला लागला. आजीनं तो मुठीत धरून ठेवला, जणू धरल्यानं थांबणार होता.

जंतू रक्तात शिरले होते आणि रक्तातून मेंदूपर्यंत गेले होते. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. मुलगा धावतपळत आला आणि भिंतीशी उभा राहिला. गावोगावच्या बंद पडलेल्या लिफ्ट चालू करणारा मुलगा, इथे हात कुठे ठेवावेत हेही त्याला कळत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आली. तिनं आधी विचारलं ते बाटलीबद्दलच. चिमूटांनी सगळं नीट सांगितलं, काही न लपवता, कामाचा अहवाल द्यावा तसं. पाणी उकळलेलं. भांडी उकळलेली. पावडर कोमट पाण्यात.

"कोमट का?"

"जीवनसत्त्वं जाऊ नयेत म्हणून. आणि ते चांगले जंतू."

तिनं डोळे मिटले, मग उघडले. आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "काका, तुम्ही म्हणता ते जातं, थोडंफार. ते गेलेलं चालतं. त्या डब्यातलं लोह, जस्त, जीवनसत्त्वं, सगळं उपयोगाचंच आहे. शरीर त्यावरच आपली ताकद उभी करतं. पण त्याला वेळ लागतो. एवढ्याशा जिवाला तोवर आईच्या दुधातून तयार संरक्षण मिळतं. ते डब्यात घालता येत नाही. हिला ते थेंबभरच मिळत होतं. आणि पावडर कितीही स्वच्छ असली तरी पूर्ण निर्जंतुक नसते. कशी असेल? ड्रायरनंतर जे मिसळता त्याला पुन्हा कुठे उष्णता मिळते?"

"नाही मिळत," चिमूट म्हणाले.

"म्हणून पाणी गरम हवं. तेवढा एकच चटका त्या पावडरीला मिळतो."

ते खाली बसले. बाकावर नाही, जमिनीवरच. त्यांची बायको शेजारी उभी होती. तिला त्या वेळी एक वाक्य बोलता आलं असतं. तिनं ते तेव्हा उच्चारलं नाही आणि नंतरही कधी नाही. एरवी भाजीत मीठ जास्त पडल्याचं वर्षभर ऐकवणारी बाई ती. तिचं ते न बोलणं त्या घरात कायमचं राहायला आलं.

बाळ गेलं. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

कारखान्यानं उरलेला डबा तपासायला नेला. त्यात काही सापडलं नाही. चिमूट डॉक्टरकडे परत गेले. एकटं जायचा धीर होईना म्हणून मला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाली, सापडलं नाही याचा अर्थ नव्हतंच असा होत नाही. आणि जंतू हातातून, चमच्यातून, कुठूनही येऊ शकतो. खात्रीनं आता कोणीच सांगू शकणार नाही.

"पाणी गरम असतं तर?" त्यांनी विचारलं.

"तर शक्यता कमी झाली असती."

"वाचली असती?"

"काका, मला माहीत नाही."

जिन्यात ते म्हणाले, "बाई, मी केलं असं तरी म्हणायला हवं होतं त्या डॉक्टरणीनं. नाहीतर नाही केलं असं तरी."

इकडे सुनेला दूध उतरलं. ताप गेला, औषधं थांबली आणि शरीरानं आपलं काम उशिरा सुरू केलं. छाती दगडासारखी झाली. सासू घट्ट कापड बांधून द्यायची, तरी पदर भिजायचा. मी भेटायला गेले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. चिमूट आतून आले. तिच्यासमोर उभे राहिले. वरचं बटण उघडं होतं.

"पोरी, तुला एक सांगायचंय. डॉक्टरीण पाणी गरम म्हणाली होती. मी माझंच खरं केलं. तुझी सासू नको म्हणत होती. सगळं माझ्यामुळे झालं."

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडावं असंही वाटलं. त्यांनाही तेच हवं होतं, हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "मी तिथेच बसले होते ना. डॉक्टर काय म्हणाली ते मीही ऐकलं होतं. रोज दारात उभी राहून तुम्हाला बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला त्यातलं कळतं, असं मला वाटलं."

तिनं ते टोचायला म्हटलं नव्हतं. खरं तेवढंच सांगितलं होतं. चिमूटांनी तिला थोपटायला हात पुढे केला, पण मध्येच स्वतःच्याच हाताकडे बघितलं आणि तो मागे घेतला. मग स्वयंपाकघरात गेले. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. तो कितीतरी वेळ चालू होता. बंद करायला कोणी उठलं नाही.