ओळींना नंबर होते तोवर

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लहानपणापासून तिला तिन्हीसांजेनंतर नीट दिसायचं नाही. आई तिला गाजरं खायला घालायची, कुणी सांगितलं म्हणून कलेजीही. तिची बारावी झाली तेव्हा बाबांनी तिला ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांचा पडदाच हळूहळू निकामी होतोय आणि त्यावर औषध नाही, एवढं तिथे कळलं. परत येताना कल्याण स्टेशनबाहेर बाबांना कॉम्प्युटर क्लासची पाटी दिसली आणि ते चौकशीला जिना चढून गेले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते अंबरनाथला फॅक्टरीत फिटर होते, कॉम्प्युटर त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. ताईला एकटीला कसं धाडायचं, म्हणून माझंही नाव घातलं. मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन घरी बसलेले.

क्लासमध्ये बेसिक नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकवायचे. छापील पुस्तक ताईला वाचवत नव्हतं, पण काळ्या स्क्रीनवरची हिरवी अक्षरं तिला दिसायची. बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा. दहा, वीस, तीस. मध्ये काही राहून गेलं तर पंधरा घालायची सोय. अमुक झालं तर साठवर जा, नाहीतर परत वीसवर ये, असं मशीनला सांगायचं. ताईला हे इतक्या पटकन जमलं की सर नव्या मुलांना तिच्याकडेच पाठवायचे.

वर्षभरात ती अक्षरंही कडेने पुसट व्हायला लागली. मग मी वाचायचे आणि ती ऐकायची. पूर्ण प्रोग्राम तिच्या डोक्यात राहायचा.

"सत्तरला गडबड आहे बघ," ती म्हणायची. "तिथून तीसवर पाठव, चाळीसवर नको."

आणि गडबड सत्तरलाच असायची.

जन्मतारखेवरून वार सांगणारा प्रोग्राम तिने घरात तांदूळ निवडता निवडता रचला, मी तो उतरवून घेऊन क्लासमध्ये चालवला. आमच्या चाळीतल्या सगळ्यांचे वार आम्ही काढून दिले. आईला तिची जन्मतारीख ठाऊक नव्हती. ताई म्हणाली, "मग तुला आवडेल तो वार घे." आई लाजली, विचार करून म्हणाली, "रविवार. त्या दिवशी तुम्ही सगळे घरी असता."

मला ठाण्याला डिप्लोमाला अॅडमिशन मिळाली. तिथे आधी पास्कल होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी ताईला वाचून दाखवायला बसले.

"ही कितवी ओळ?" तिने विचारलं.

"यात नंबर नसतात गं."

"मग परत कुठे जायचं ते कसं सांगतात?"

"असं उड्या मारत जायचंच नाही म्हणे. आमचे सर मार्क कापतात."

ती हसली. पास्कल तिने बरंचसं उचललं. पुढे सी आलं, आणि सीमध्ये महिरपी कंस. मी म्हणायचे, "कंस सुरू." ती एक बोट दुमडायची. "अजून एक सुरू." दुसरं बोट. "पूर्ण." एक बोट उघडायची. कंसात कंस, त्यात आणखी कंस, आणि मध्येच दुसऱ्या पानावरचं काहीतरी बोलावलेलं. मी तिच्यासाठी प्रत्येक ओळीला तोंडी नंबर लावून वाचायला लागले, पण एखादी ओळ वाढवली की खालचे सगळे नंबर बदलायचे.

एका रविवारी दुपारी ती अशीच ऐकत बसलेली. एका हाताची बोटं संपली म्हणून दुसऱ्या हाताचीही दुमडलेली. मी वाचतच होते. तिने दोन्ही हात सोडून मांडीवर ठेवले.

"मला दिसत नाहीये गं," ती म्हणाली.

डोळ्यांबद्दल हे वाक्य ती कधीही बोलली नव्हती. मी म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून वाचते. ती म्हणाली, "नको. तुझा अभ्यास कर. माझ्यामुळे तू अडकतेस." आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली, काय झालं ते तिला कळलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि त्यानंतर मनातल्या मनात वाचायला लागले.

ताईने टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला. ठाण्याच्या एका ऑफिसात तिला नोकरी लागली. सगळ्यांची एक्स्टेंशनं तिला तोंडपाठ होती, साहेब लोक कौतुक करायचे. मला अंधेरीला नोकरी मिळाली. सीनंतर मी सी प्लस प्लस शिकले, त्याच्या पुढचंही. सुरुवातीला ती रोज विचारायची, "आज काय केलंस?" मी सांगायला लागायचे आणि दोन वाक्यांत अडायचे, कारण पुढचं समजावायला आधीचं बरंच सांगावं लागलं असतं. मग "नेहमीचंच" म्हणायचे. हळूहळू ती विचारायची थांबली.

घरी कॉम्प्युटर आला तेव्हा बाबा नव्हते. त्यात बेसिक होतं. मी ताईला हाक मारली. "तू सांग, मी टाइप करते. तुला हवे तर नंबर घालू."

ती शेजारी येऊन बसली. कीबोर्डवरून हात फिरवला.

"त्यात आता काय करायचं?" ती म्हणाली. "तेच तेच होतं गं. ते मला तेव्हाच पुरेनासं झालेलं."

हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटायचं, मी पुढे निघून गेले आणि ती तिथेच रमली.

दुसऱ्या दिवशी तिची सकाळची ड्यूटी होती. ती भिंतीला हात लावत उद्याची साडी काढून ठेवायला आतल्या खोलीत गेली. मी कॉम्प्युटर बंद केला.