चौथा कप्पा

पुठ्ठ्याच्या कारखान्यात तिला सगळे खोकेवाली म्हणायचे. बुटांची, औषधांची खोकी करण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. घरी आली तरी हात गप्प बसत नसत. "झोपेत पुठ्ठा दिला तरी ही त्याचं खोकं करेल," असं नवरा कौतुकाने सांगायचा.

त्या रविवारी सकाळी ती फोटो ठेवायचा स्टँड करायला बसली. दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन होतं. किरकोळ गाठ आहे, लगेच घरी सोडतील, असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं. डॉक्टरांनी मात्र तिला एकटीला बसवून सांगितलं होतं की गाठ वाईट जागी आहे आणि जिवाची खात्री देता येत नाही. नवरा दिसायला आडदांड, पण काळीज लोण्याचं. निदान आजचा दिवस त्याने पोटभर जेवावं, एवढंच तिला हवं होतं. भीती तिलाही वाटत होती, भयंकर वाटत होती. म्हणून तर कात्री हातात घेतली होती.

टाकाऊ पुठ्ठा, जुन्या कॅलेंडरचा कागद आणि मैद्याची खळ. चार फोटोंसाठी चार कप्पे. मुलगी हॉस्टेलवर होती. तिचा नवा फोटो दरवर्षी सरकवता यावा म्हणून कप्पा वरून उघडा ठेवला. नवऱ्याचाही तसाच. वारलेल्या सासूबाईंचा फोटो मात्र तिने चारही बाजूंनी चिकटवून टाकला.

"आईला का कोंडलंस?" नवऱ्याने हसत विचारलं.

"आता त्यांचा नवा फोटो कुठून यायचा? उगाच धूळ जाते आत."

"बरोबर आहे बाई तुझं."

ती उठून आत गेली, जेवण गरम केलं, दोन ताटं वाढली. बाहेरून काहीच आवाज येईना. एरवी हा माणूस ताटांचा आवाज ऐकूनच पाटावर हजर व्हायचा.

ती बाहेर आली. तो स्टँड हातात धरून उभा होता. चौथ्या कप्प्याच्या वरच्या कडेवरून त्याचं बोट पुन्हापुन्हा फिरत होतं. तिच्या फोटोच्या कप्प्यावरून. तीही कड चिकटलेली होती.

इतके दिवस तिने तोंड सांभाळलं, चेहरा सांभाळला. हात सांभाळायचे राहून गेले.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्याने विचारलं. आवाज त्याचा वाटतच नव्हता.

"अहो, चुकून लागली खळ. घाईत होते."

"तू? आणि पुठ्ठ्यात चुकलीस?"

त्याने ब्लेड घेतलं आणि ओली कड सोडवायला लागला. कागदाबरोबर फोटोही कपाळापासून फाटत गेला.

"नवा काढू," तो म्हणाला. "आत्ता. चल."

"रविवार आहे. स्टुडिओ बंद असतो."

"उघडायला लावतो." तो दाराशी चपला शोधत होता, आणि समोर असूनही त्या त्याला सापडत नव्हत्या. "केस विंचर. चल ना गं, लवकर."

तिने केस विंचरले. वाढलेली ताटं तशीच ठेवून दोघं बाहेर पडली.