नाव न छापलेलं पत्रक

नोकरी मागायला आलेल्या माणसाबद्दल मालकाने किती खोदावं याला आपल्याकडे हद्दच नाही, असं मी बाविसाव्या वर्षी एका पत्रकात लिहिलं होतं. ते वाक्य आजही मागे घेत नाही. पत्रक मागे घेता आलं असतं तर घेतलं असतं.

वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वहिनी राहायच्या. नवऱ्याची कंपनी बंद पडून वर्ष झालेलं, दोन मुलं शाळेत. एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला बायका घेणार होते, त्याचा फॉर्म घेऊन त्या माझ्याकडे आल्या. इमारतीतल्या सगळ्यांचे अर्ज मीच लिहायचो. अक्षर बरं होतं आणि धंदा काही नव्हता.

फॉर्म चार पानी. नवरा काय करतो, सासरे काय करायचे, घरात कुणी युनियनमध्ये आहे का. काम काय, तर बाटल्या खोक्यात भरायच्या. शेवटच्या पानावर प्रश्न होता: आपणांस कधी अटक झाली होती काय?

झाली होती. दोन वर्षांपूर्वी पाण्यासाठी बायकांनी हंडा मोर्चा काढला, तेव्हा पोलिसांनी काही जणींना गाडीत घातलं. त्यात वहिनी होत्या. संध्याकाळी सोडलं, मग तारखा पडत राहिल्या, शेवटी कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. मी म्हटलं, सरळ ‘हो’ लिहू, पुढे ‘निर्दोष’ लिहू, यात लपवायचं काय? त्या म्हणाल्या, लपवायचं काहीच नाही, पण नोकरी मला हवीय, तुम्हाला नाही. मी ‘नाही’ लिहिलं. पेन जरा जोरातच टेकवलं.

मला ते पचेना. मोर्चाची केस लढवणाऱ्या वकिलाला ठाणे कोर्टाच्या आवारात गाठलं आणि म्हटलं, असलं विचारणं बेकायदा आहे एवढं मला छापायचंय, तुम्ही फक्त कलम सांगा. त्याने चहा सांगितला. कलम सांगितलं नाही.

“सरकारने तुला छळलं तर घटनेतले हक्क घेऊन कोर्टात जाता येतं,” तो म्हणाला. “खासगी मालकाने फॉर्मात काय विचारू नये, हे सांगणारा कायदा मला तरी माहीत नाही. असेल तर तूच आणून दे, मी फुकट लढतो.”

म्हणजे निर्दोष सुटणं कोर्टापुरतंच. बाहेर मालकाचा एक माणूस फाइल घेऊन फिरणार आणि परत खटला चालवणार.

तो माणूस आठवड्याभरात आलाच. सफारी, काखेत फाइल. स्थळाची चौकशी करायला यावं तसा गोड बोलत होता. वाण्याला विचारलं, शिंप्याला विचारलं, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मास्तरांना विचारलं. मास्तरांचं आणि वहिनींचं नळावरून कायमचं वाकडं, तरी ते म्हणाले की बाई सकाळी उठतात, स्वयंपाक करतात, मुलांना शाळेत पाठवतात, आणखी आपल्याला काय हवंय? शेवटी तो फाटकाशी टोपली घेऊन बसणाऱ्या कोळणीकडे वळला. मोर्चात तीसुद्धा होती. गाडीत वहिनींच्या शेजारीच बसलेली.

“पापलेट पायजे तर सांग,” ती म्हणाली. “चौकशी मी इकत नाय.”

कुणी ठरवून केलं नव्हतं. बैठक नाही, ठराव नाही. आणि वहिनींना पत्र आलं, सोमवारी भेटायला या.

मी मात्र पेटलेलो. विठ्ठलवाडीला एका मित्राकडे सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. शुक्रवारी स्टेन्सिल कापली, शनिवारी पाळी सुटताना आम्ही चौघांनी कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटली. ‘कामगार भगिनींनो, तुमच्या घरात मालकाचे हेर’ वगैरे. उदाहरण हवं, उदाहरणाशिवाय पत्रक थंड पडतं, हे आम्हाला संघटनेत शिकवलेलं. म्हणून लिहिलं: वर्तकनगरची एक माता, दोन मुलं, पतीचा कारखाना बंद, पाण्यासाठी अटक भोगलेली, आज पॅकिंगच्या कामासाठी तिच्या चारित्र्याची दारोदार चौकशी. नाव घातलं नाही. नाव घातलं नाही याचा मला अभिमानही वाटला.

वर्तकनगरहून पॅकिंगसाठी एकच अर्ज गेला होता.

सोमवारी वहिनी दुपारीच परत आल्या. साहेबांनी एका बाजूला फॉर्म ठेवला, एका बाजूला पत्रक, आणि अटकेच्या ओळीखाली लाल रेघ. खोटी माहिती दिली म्हणून अर्ज बाद. हे सगळं त्यांनी जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं. आवाज चढला नाही. मी म्हटलं, वहिनी, आपण कारखान्यावर मोर्चा नेऊ.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “त्या फाइलवाल्याला इथे कुणी काही सांगितलं नाही. तुम्ही छापून दिलंत.”

साहेबाशी भांडायला गेलो, तेही सांगतो. आत घेतलं नाही. वॉचमननेच निरोप आणला की आम्ही काही शोधून काढलं नाही, तुमचीच माणसं गेटवर देऊन गेली.

कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होतो की दोष फॉर्मचा, मालकाचा, नसलेल्या कायद्याचा. तो आहेच. तसा कायदा झाला पाहिजे असं आजही सभेत बोलतो. पण कायदा नव्हता तेव्हा एक हद्द होती. वाण्याने पाळली, मास्तरांनी पाळली, कोळणीने पाळली. ओलांडली मी.

पुढे त्या कोळणीनेच माजिवड्याला ओळखीच्या एका बाईच्या शिवणकामाच्या कारखान्यात वहिनींना लावून दिलं. तिथे फॉर्म नव्हता. पाळी मोठी होती आणि बसायला स्टूल नव्हतं, हेही लिहायला हवं.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी तळमजल्यावर जाऊन त्यांना वाचून दाखवला. त्या तांदूळ निवडत होत्या. अटकेचं राहू दे म्हणाल्या, आता मुलं कमावती झाली. दुसऱ्या दोन ओळी काढायला लावल्या. मला त्या ओळी फार आवडल्या होत्या. काढल्या.