आईचा चित्रांचा तक्ता

शनिवार. सकाळी अकराला नारायणगावला गेलो. पक्षाघाताने बोलणं गेलेल्यांची बैठक होती. आईचा चित्रांचा तक्ता स्पीच थेरपीच्या मॅडमना परत द्यायचा होता.

आईला जाऊन दोन महिने झाले. घरात आम्ही दोघंच होतो. मी मुळात कमी बोलणारा... पण तिची वाचा गेल्यावर तिच्या वतीने भराभर बोलायला लागलो. मॅडम सांगायच्या, "आजींना विचारलंत की मनात दहा आकडे मोजा." घरी मोजायचो. चारचौघांत नाही.

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी आईला विचारलं, कुठे दुखतंय? तिने हात हळूहळू वर आणायला सुरुवात केली. मागे रांग होती... मी सांगून टाकलं, पोटात जळजळतंय, रात्री भाजी तिखट झाली होती. तिचा हात अजून हवेतच होता. तो धरून मीच तिच्या मांडीवर ठेवला.

तक्ता पिशवीत होता. त्यावर अख्ख्या शरीराचं चित्र आहे, नुसतं बोट ठेवायचं. पित्ताचं औषध घेऊन घरी आलो. संध्याकाळी ती गेली. हार्ट अटॅक.

आज तक्ता देऊन लगेच निघणार होतो. निमगाव सावा गावचे एक बाबा समोर बसले होते. मॅडमनी विचारलं, "बाबा, तब्येत कशी आहे?" त्यांची मालकीणच बोलली, "लई ब्येस हाये त्यांचं. खात्यात, झोपत्यात. कायबी तरास न्हाई."

बाबांचं तोंड उघडून मिटलं. मी म्हणालो, "मावशी, थांबा जरा. त्यांना सांगू द्या."

मी मनात आकडे मोजायला लागलो. बराच वेळ गेला. मग बाबा म्हणाले, "ही... लई... बोलती." सगळे हसले. मावशीही हसल्या, "बघा, येवढं बरं जमतंय."

पण बाबांचं संपलं नव्हतं. मॅडमनी आईचा तक्ता त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चित्रातल्या पायावर बोट ठेवलं. मावशींनी खाली बसून मोजा काढला... टाच चिघळलेली होती.

मावशी मोजा हातात धरून तशाच खाली बसून राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

मॅडमनी पुढच्या बैठकीलाही यायला सांगितलंय. जाईन. तुमच्या घरी असं कोणी असेल तर विचारल्यावर थोडं थांबा, एवढंच सांगायचं होतं...

तीनच्या एसटीने महाळुंग्याला घरी आलो. सकाळची भांडी तशीच होती. ती घासली आणि पालथी घातली.