बसायचं काम

आज थंडी अशी पडलीय, की नळाचं पाणी हाताला चावतंय. ऊन गल्लीत उतरलं तसा मीही ओट्यावर येऊन बसलो. वाऱ्याने उडालेला पालापाचोळा जी वस्तू हलत नाही तिच्याभोवती साचतो, बघा. किश्शांचंही तसंच. आणि माझ्याइतका न हललेला माणूस अख्ख्या पंचवटीत दुसरा नसेल!

मी चित्रं शिकवणाऱ्या कॉलेजात मॉडेल होतो. म्हणजे मी स्टुलावर बसायचो आणि पोरं माझं चित्र काढायची. शाळेत कधी गेलो नाही. अक्षरं लागली ती त्या वर्गातच, समोरच्या भिंतीवरच्या पाट्या बघून बघून. दुसरं बघायला होतं काय!

*

दुष्काळाच्या साली मी आणि बायको भागाबाई दिंडोरीकडून नाशकात मजुरीला आलो. एकदा मजूर उभे राहतात त्या नाक्यावर कॉलेजात चित्रं शिकवणारे देवरे सर आले. त्यांनी बाकीच्यांसारखे दंड बघितले नाहीत, तोंड बघितलं.

"येता का? बसायचं काम आहे."

"आणि करायचं काय?"

"काहीच नाही. मी टाळी वाजवेपर्यंत हलायचं नाही, बस्स."

घरी सांगितलं तर भागाबाईला खरं वाटेना. "काय न करता मजुरी कोन देतं? कायतरी काळंबेरं हाय!" दुसऱ्या दिवशी ती माझ्यामागोमाग आली आणि वर्गाच्या दारात उभी राहिली. आत सगळी पोरं-पोरी एक डोळा मिटून, पेन्सिल लांब धरून मला न्याहाळत होती. भागाबाई बराच वेळ बघत राहिली. मग सरांना म्हणाली, "सायेब, यांच्यात एवढं बघन्यासारखं काय हाय, ते मला पन दावा की! माझा तर संसार झाला यांच्यासंगं!"

*

हजेरीपटावर माझं नाव नव्हतं. हेडक्लार्क भाऊसाहेब माझी मजुरी 'साहित्य' या खात्यात टाकायचे. चित्रासाठी आणलेली वांगी, सुरई, मागे टांगायचा पडदा आणि मी! एकदा अंगात ताप होता म्हणून रजा मागितली.

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कचरू, सुरई कधी रजा मागते का रे?"

हे मी शेजारच्या पगारेअण्णांना सांगितलं. अण्णा सातपूरला कारखान्यात होते, युनियनचे माणूस. जयंतीला गल्लीत भाषण त्यांचंच. ते तडकले. "कायम करून घे! कायम झालास तर रजा आहे, म्हातारपणी पेन्शन आहे. नाहीतर हाडं थकली, की स्टुलासकट अडगळीत टाकतील तुला!"

मला पटलं. पण सुरईने अर्ज करावा कसा?

*

मधेच वडील वारले. दहाव्याला डोकं आणि मिशी उतरवायची होती. इकडे पोरांची परीक्षेची चित्रं अर्धवट. देवरे सर अवघडून हळूच म्हणाले, "कचरूभाऊ, डोक्याचं बघू, टोपी घालू. पण मिशीचं काही करता येईल का?"

"सर, ती आता भाऊबंदांच्या हातात."

तुळतुळीत होऊन परत आलो. चपळ हाताच्या पोरांनी माझी मिशी आधीच कागदावर उतरवली होती. जी सावकाश होती, त्यांना ती मिळाली नाही. बाहेरून आलेले परीक्षक भिंतीवरची चित्रं बघत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेले आणि म्हणाले, "मॉडेल दोन होते का?"

"छे छे!" भाऊसाहेब घाईने म्हणाले. "मजुरी एकालाच दिलीय!"

*

सलग काम भरलं तर माणसाला कायम करावं लागतं म्हणे. म्हणून दरवर्षी भाऊसाहेब मला 'ब्रेक' द्यायचे. ब्रेक म्हणजे घरी बस. म्हणजे तेही बसायचंच!

एका ब्रेकमध्ये दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत छाटणीला गेलो. वेलीकडे बघता बघता सवयीने तसाच उभा राहिलो. मुकादम ओरडला, "ए बुजगावण्या, पाखरं हाकायला नाय बोलावलं तुला!"

तेवढ्या दिवसांत कॉलेजात माझ्या जागी मालेगावचे मन्सूरभाई आणले होते. त्यांचा माग बंद पडलेला. सगळी उमर मागावर गेली, त्यामुळे स्टुलावर बसले तरी हात चालूच. एका पोराने तर वैतागून चित्रात चार हात काढले! मी परत आलो तेव्हा मन्सूरभाई म्हणाले, "भाई, तेरा काम बहुत मुश्किल है. वहाँ सिर्फ मशीन की आवाज थी. यहाँ अपनी खुद की सुनाई देती है."

दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. त्यांना ब्रेकसुद्धा नाही दिला.

*

शेवटी अण्णा म्हणाले, "संप कर!"

"अण्णा, मी काही करतच नाही. बंद काय करू?"

अण्णा विचारात पडले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "मग हल!"

सोमवारी मी स्टुलावर बसलो आणि हलायला लागलो. मान फिरवली, पाठ खाजवली, कान कोरला. पोरं कावली. "काका, काय करताय!"

"संप आहे, बाळांनो."

देवरे सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. डोळे चमकले त्यांचे. "मुलांनो, घ्या! जसे हलतील तसे काढा!" वर्षातली सगळ्यात चांगली चित्रं त्या दिवशी झाली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी दाराबाहेर लावली!

अण्णांनी कपाळाला हात लावला. "तुझा संपसुद्धा साहित्यात धरला रे त्यांनी!"

*

मग अण्णांनीच अर्ज लिहून कामगार अधिकाऱ्याकडे दिला. साहेबांनी आम्हाला बोलावलं. भाऊसाहेब आलेच होते. म्हणाले, "हा माणूस इतकी वर्षं कामावर होता, याला पुरावाच नाही."

अण्णांनी देवरे सरांकडून चित्रांचा गठ्ठा आणला होता. प्रत्येक कागदावर तारीख आणि सरांची सही. साहेब एकेक उलटत गेले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे सगळे वेगवेगळे दिसतात. एकाचं नाक पोपटासारखं. ही तर बाई वाटतेय!"

खोटं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या पोरांची चित्रं ती! भाऊसाहेब गालात हसले.

"यातला तू कोणता?" साहेबांनी विचारलं.

कोपऱ्यात एक स्टूल दिसलं. टोपी काढली, बसलो, डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि मान खिडकीकडे वळवली.

साहेबांनी एक कागद घेतला, माझ्याकडे बघितलं. दुसरा घेतला, बघितलं. नाकं निराळी होती, पण हात त्याच गुडघ्यावर, मान तेवढीच वळलेली. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला. डोक्यावर पंखा कुरकुरत होता. हळूहळू भाऊसाहेबांनी मान खाली घातली.

साहेबांनी टायपिस्टला बोलावलं. हुकूम टाइप झाला, सह्या झाल्या, शिक्के पडले. साहेब उठून जेवायला गेले. भाऊसाहेब गेले. पंखाही कुणीतरी बंद केला.

मी बसलेलोच. टाळी कुठे वाजली होती?

अण्णा जवळ आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कचरूभाऊ, कायम झालास रे बाबा! आता तरी हल!"